रोजनिशी सुरू करताना: तयारी, लिहिण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रोजनिशी सुरू करून सोडून दिलेली एखादी वही घरात असेल, तर ती आधी उघडून पाहावी. पहिली तीन-चार पाने तुडुंब भरलेली, पुढची दोन अर्धवट, मग ‘काल लिहायचे राहून गेले’ अशी सुरुवात असलेली एक नोंद आणि त्यानंतर कोरी पाने, असेच चित्र बहुधा दिसते. वही थांबली की आपण वेळ मिळत नसल्याचे कारण देतो. पण पहिल्याच दिवशी चार पाने लिहिणाऱ्याला वेळ मिळालेला असतो. चूक झालेली असते ती क्रमात. आधी देखणी डायरी घरी येते, मग संकल्प होतो, आणि काय लिहायचे, कधी लिहायचे, वही कुठे राहणार या प्रश्नांकडे वळण्याआधीच उत्साह ओसरतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पहिले चार टप्पे तयारीचे आहेत आणि ते पूर्ण झाल्याशिवाय पहिली नोंद करू नये.

१. हेतू एका ओळीत लिहून काढावा

कशासाठी लिहायचे, हे एका सुट्या कागदावर एकाच वाक्यात लिहावे. वाक्य असे हवे की, ते वाचल्यावर आज रात्री नेमके काय टिपायचे हे कळावे. ‘मुलगी बोलायला शिकते आहे, तिचे शब्द जपून ठेवायचे आहेत’, ‘नव्या नोकरीत मी कोणते निर्णय कशामुळे घेतले ते पुढे आठवायला हवे’, ‘झोपण्यापूर्वी डोक्यातले विचार कागदावर उतरवायचे आहेत’ ही वाक्ये चालतील. ‘स्वतःत सुधारणा करायची आहे’ हे चालणार नाही, कारण त्यातून लिहिण्याचा विषय मिळत नाही आणि प्रत्येक नोंदीत स्वतःला गुण देण्याची सवय लागते.

हेतू दोन असले तरी बिघडत नाही, मात्र त्यांपैकी मुख्य कोणता ते ठरवावे. घरखर्च, औषधांच्या वेळा, कामांची यादी यांसाठी वेगळी वही ठेवावी. एकाच वहीत सगळे आले की किराणा आणि मनातले बोलणे शेजारी येते आणि हळूहळू किराणाच उरतो.

तपासा: हा कागद दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावा. तेच वाक्य अजूनही खरे वाटत असेल तर पुढे जावे.

२. वही आणि पेन निवडावे

तारखा छापलेली डायरी नवशिक्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात दर दिवसाला ठरावीक जागा असते. ज्या दिवशी खूप काही घडते तेव्हा ती पुरत नाही, आणि जो दिवस राहून जातो त्याचे कोरे पान तारखेसह समोर उभे राहते. भेट म्हणून मिळालेल्या अशा डायऱ्या टिपणांसाठी वापराव्यात. रोजनिशीसाठी साधी, रेघी, दोनशेपानी वही पुरते. आकार ए-५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर असेल तर मांडीवर ठेवूनही लिहिता येते आणि पान भरण्याचे दडपणही येत नाही.

खरेदी करताना बांधणी पाहावी. मधोमध दोऱ्याने शिवलेली वही सपाट उघडते आणि वर्षानुवर्षे टिकते. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या पाठीची पाने वही पूर्ण उघडताना सुटू लागतात. तारेच्या गुंडाळीची वही लिहायला सोपी असली तरी तिचे पान सहज फाटते, आणि फाडणे सोपे झाले की नकोशी नोंद फाडली जाते. पिनांनी बांधलेल्या वहीच्या पिना दमट हवेत गंजतात आणि त्यांचे डाग कागदावर उतरतात. कागद ७० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन ७० ग्रॅम) किंवा त्याहून जाड असेल तर बॉलपेनचे वळ आणि शाई मागच्या बाजूला फारशी उमटत नाही.

पेन घेताना शाईचा विचार करावा. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याने सहसा पसरत नाही. शाईपेनच्या बहुतेक आणि जेल पेनच्या बऱ्याच शाया पाण्यात विरघळतात.

तपासा: वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहावी, ती पाच मिनिटे वाळू द्यावी, तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा आणि मिनिटभराने कापडाने टिपावा. अक्षरे वाचता आली तर तेच पेन कायम ठेवावे. पान उलटून मागची बाजूही पाहून घ्यावी.

३. वहीची जागा ठरवावी आणि घरात सांगावे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि रोजनिशी बंद पडण्याची वा नुसती औपचारिक होऊन जाण्याची सर्वांत मोठी कारणे इथेच असतात. वही कुणी वाचेल अशी धास्ती असली की लिहिणारा नकळत त्या वाचणाऱ्यासाठी लिहू लागतो. नावे गाळली जातात, भांडणे सौम्य होतात, आणि शेवटी ‘आज दिवस ठीक गेला’ एवढेच उरते. उलट, वही कपाटात साड्यांच्या घडीखाली किंवा माळ्यावर लपवली, तर ती काढण्याचाच कंटाळा येतो.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, वही जिथे बसून लिहायची आहे तिथून हात पोहोचेल अशा खणात किंवा पिशवीत ठेवावी. दुसरी, घरातल्यांना सरळ सांगावे: ‘ही माझी खासगी वही आहे, मला विचारल्याशिवाय कुणी उघडू नका.’ आपल्याकडे घरात सगळे सगळ्यांचे असते, त्यामुळे मागे दुष्ट हेतू नसतानाही वही उघडली जाते. असे स्पष्ट सांगितल्यावर बरीच माणसे थांबतात. खणाला कुलूप लावणे शक्य असेल तर तेही निःसंकोच लावावे. मुलांच्या वह्यांनाही हाच नियम लागू करावा. आईवडिलांनी चोरून वाचल्याचे कळले की मूल लिहिणे सोडते, आणि ते पुन्हा सुरू करणे फार अवघड असते.

इशारा: ज्या घरात वही वाचली गेल्यास मारहाण, धमकी किंवा कोंडून ठेवणे अशी भीती आहे, तिथे कागदावर मनमोकळे लिहू नये. अशा वेळी वही विश्वासू मैत्रिणीकडे किंवा कामाच्या ठिकाणी ठेवता येत असेल तरच लिहावे. आपली सुरक्षितता नोंदीपेक्षा मोठी आहे.

जागा ठरवताना ओलही पाहावी. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कागद दमट होतो, त्याला बुरशी येते आणि कसर लागते. वही भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावी आणि ऊन पडेल तेव्हा अर्धा तास सावलीत उघडून ठेवावी. थेट उन्हात ठेवल्यास कागद पिवळा पडतो आणि शाई फिकी होते.

४. वेळ रोजच्या एखाद्या कामाला जोडावी

‘रात्री दहाला लिहीन’ असे ठरवले की एका पाहुण्याने किंवा एका सामन्याने ती वेळ मोडते. त्याऐवजी रोज न चुकता होणाऱ्या कामाच्या पाठोपाठ लिहावे: जेवणानंतर ओटा आवरून झाल्यावर, सकाळचा चहा गाळून बसल्यावर, लोकलमध्ये जागा मिळाल्यावर. पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळ विसरून ‘पाळी संपवून घरी आल्यावर, आंघोळीनंतर’ असे ठरवावे. अंथरुणात पडून लिहिण्याची सवय लावू नये. झोप आधी येते आणि अक्षरही लागत नाही.

सुरुवातीला दहा मिनिटे पुरेशी आहेत. पहिल्या महिन्यात लिहायला मजा येत असली तरी दहाव्या मिनिटाला थांबावे. कालचे सांगायचे काहीतरी शिल्लक असले की आज वही उघडावीशी वाटते, आणि चार पाने लिहून दमलेल्या माणसाला ती उघडवत नाही.

तपासा: हेतूच्या कागदावर आता आणखी दोन ओळी असाव्यात, वही कुठे राहील आणि कोणत्या कामानंतर लिहायचे. हा कागद वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवून द्यावा.

५. पहिली नोंद करावी

एक जानेवारी, गुढीपाडवा किंवा वाढदिवस यांची वाट पाहू नये. तयारी झाली त्याच दिवशी, तो बुधवार असो की अमावास्या, सुरुवात करावी. पहिले पान कोरे सोडावे. ते पुढे कशासाठी लागते ते सातव्या टप्प्यात सांगितले आहे. नोंद दुसऱ्या पानावर सुरू करावी.

डोक्यावर दिनांक, वार, लिहिण्याची वेळ आणि ठिकाण लिहावे. वर्ष कधीही गाळू नये. लिहिताना ते अनावश्यक वाटते, पण दहा वर्षांनी ‘१२ ऑगस्ट, सोमवार’ एवढ्यावरून वर्ष शोधत बसावे लागते. मध्यरात्र उलटून गेल्यावर लिहीत असाल तर तारीख लिहिण्याच्या क्षणाची घालावी आणि नोंदीत ‘काल’ असे म्हणावे. सणाच्या दिवशी सणाचे नावही लिहावे, कारण इंग्रजी तारखेवरून ‘त्या वर्षीची नारळी पौर्णिमा’ सापडत नाही.

आता फक्त सहा-सात ओळी लिहाव्यात. आपण कोण, कुठे जन्मलो, रोजनिशी का सुरू करतो आहोत ही प्रस्तावना पूर्णपणे टाळावी. ती चार पाने खाते, आणि दुसऱ्या दिवशीची साधी नोंद तिच्यापुढे फिकी वाटू लागते.

६. घडलेले आधी, मनातले नंतर

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे जरा थांबावे लागेल. सवयीने लिहिली जाणारी नोंद अशी असते:

‘आज खूप धावपळ झाली. ऑफिसात नेहमीचेच. संध्याकाळी बाबांशी थोडे वाजले. वाईट वाटले. उद्यापासून शांत राहायचे.’

यात खोटे काही नाही, पण सहा महिन्यांनी हे वाचणाऱ्याला काहीच आठवणार नाही. त्याच दिवसाची, तेवढ्याच वेळात लिहिता येणारी दुसरी नोंद पाहावी:

‘बाबांनी गॅसचा नंबर लावायला सांगितले होते, मी विसरलो. जेवताना त्यांनी विचारले, “लावलास का?” मी म्हणालो, “किती वेळा विचारणार?” ते काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. राग मला त्यांचा नव्हता; दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर फाइल परत केली, ते डोक्यात होते. उद्या उठल्यावर आधी नंबर लावायचा.’

दुसऱ्या नोंदीत लिहिणाऱ्याने संपूर्ण दिवस सोडून दिला आणि एकच प्रसंग घेतला. त्याचा क्रम लक्षात घ्यावा. काय घडले ते आधी आले, कोण काय म्हणाले ते ज्या शब्दांत बोलले गेले त्याच शब्दांत आले, डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट आली, आणि मग मनातले आले. हा क्रम पाळला की ‘राग त्यांचा नव्हता’ हे वाक्य लिहिता लिहिता सापडते. उलट क्रमाने, म्हणजे ‘वाईट वाटले’ इथून सुरू केले, की पुढे लिहायला काही उरत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले होते. काहींनी आयुष्यातील क्लेशदायक घटनेची फक्त हकिगत लिहिली, काहींनी फक्त भावना, आणि काहींनी दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अस्वस्थ वाटले, पण पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली. प्रयोग छोटा होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. हकिगत आणि भावना यांची फारकत करू नये, एवढे मात्र त्यातून घ्यावे.

या टप्प्यावरच्या नेहमीच्या चुका अशा: सकाळी उठल्यापासून क्रमवार सांगणे, ‘वगैरे’ आणि ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दांत नेमका तपशील बुडवणे, आणि शाळेतल्या निबंधाची भाषा आणणे. घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर तीच लिहावी. आजी जे बोलली ते प्रमाण मराठीत उतरवले की बोलणारी आजी त्यातून निघून जाते. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्यांच्या बोलण्यात इंग्रजी, हिंदी मिसळते. मुलाचे वाक्य जसे आले तसेच लिहावे.

चुकलेला शब्द एका आडव्या रेघेने खोडावा, वर गिरवू नये. पान मुळीच फाडू नये. शिवलेल्या वहीत प्रत्येक पान शिवणीच्या पलीकडच्या दुसऱ्या पानाशी जोडलेले असते, त्यामुळे एक फाडले की ते दुसरेही सैल होऊन गळते.

तपासा: नोंद झाल्यावर तिच्यात निदान एका माणसाचे नाव, एक नेमकी वस्तू आणि एक उच्चारलेले वाक्य आहे का ते पाहावे. तिन्ही रोज असतीलच असे नाही. आठवडाभर एकही नसेल तर नोंदी पुन्हा मोघम होत आहेत.

७. नावांची यादी करावी

पहिले कोरे पान यासाठी आहे. ‘सं. आला होता’, ‘काकू रागावल्या’ असे लिहिताना आपल्याला सारे माहीत असते, पण काही वर्षांनी तो सं. म्हणजे संदीप की संतोष, आणि काकू कोणत्या, हे सांगता येत नाही. वहीत वारंवार येणाऱ्या माणसांची नावे आणि आपल्याशी असलेले नाते त्या पानावर लिहून ठेवावे. नावे गुप्त ठेवायची असतील तर टोपणनावे वापरावीत आणि ही यादी वहीबाहेर वेगळी ठेवावी.

८. खंड पडला तर

खंड पडतोच. घरात लग्न निघते, कुणी दवाखान्यात असते, गणपतीला गाव गाठायचे असते. राहिलेले दिवस भरून काढायला बसणे ही रोजनिशी कायमची बंद पाडणारी चूक आहे. आठ दिवसांची नोंद आठवून लिहिताना एक संध्याकाळ जाते, लिहिलेले बरेचसे अंदाजाने भरलेले असते, आणि त्या ओझ्याने नववा दिवसही राहतो.

वही उघडावी, आजची तारीख घालावी आणि आजचेच लिहावे. क्षमायाचना नको, कारण देणे नको, जागा मोकळी सोडणे नको. मधल्या काळातले काही खरोखर महत्त्वाचे असेल, तर ‘मागचे’ असे शीर्षक देऊन जास्तीत जास्त पाच ओळींत लिहावे, म्हणजे ते आठवणीने नंतर लिहिले आहे हे पुढे स्पष्ट राहील.

तपासा: महिन्यातून दहापेक्षा जास्त दिवस राहत असतील तर जिद्द वाढवत बसू नये, चौथ्या टप्प्याकडे परत जाऊन लिहिण्याला दुसरे काम जोडावे. आठवड्यातून तीन दिवस लिहिले तरी ती रोजनिशीच असते.

९. जड विषय लिहिताना

मृत्यू, फसवणूक, अपमान यांविषयी लिहिताना वेळेची मर्यादा कडक पाळावी आणि लिहून झाल्यावर लगेच झोपायला जाऊ नये. थोडे चालावे, कुणाशी तरी साधे बोलावे. एकच प्रसंग रोज त्याच शब्दांत लिहिला जात असेल आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त त्रास होत असेल, तर तो विषय काही दिवस बाजूला ठेवावा.

इशारा: जगणे नकोसे वाटते असे विचार नोंदीत येऊ लागले तर वहीवर विसंबू नये. जवळच्या माणसाला सांगावे, डॉक्टरांना भेटावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा निःशुल्क आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतूनही बोलता येते.

१०. फोनवर किंवा संगणकावर लिहिणार असाल तर

वरचे सर्व टप्पे तसेच लागू होतात, फक्त वहीची जागा ॲप घेते. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून रोजनिशी ठेवू नये: नोंदी इतर संदेशांच्या गर्दीत राहतात, आणि फोन बदलताना बॅकअप राहून गेला तर सगळे जाते. टिपणांच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे आणि सूचना पडद्यावर दिसणार नाहीत अशी व्यवस्था करावी. मराठी बोलून टाइप करण्याची सोय वापरत असाल तर नावे आणि विरामचिन्हे त्याच वेळी दुरुस्त करावीत, कारण नंतर चुकीचा शब्द कशाचा होता ते ओळखता येत नाही.

संगणकावर युनिकोड मराठीतच, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीतच, लिहावे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात. दर महिन्याला साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. नुसत्या पीडीएफवर अवलंबून राहू नये. त्यातून मराठी मजकूर पुन्हा काढताना जोडाक्षरे अनेकदा तुटतात.

११. महिनाअखेरीस वाचावे, पण दुरुस्त करू नये

पहिले तीस दिवस मागे वळून वाचू नये. आपलेच लेखन तपासू लागले की हात आखडतो. महिना झाल्यावर सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचाव्यात. आज मत बदललेले असेल तर जुनी ओळ खोडू नये, शेजारच्या समासात आजची तारीख घालून दोन शब्द लिहावेत. हेतूचा कागदही याच वेळी काढावा. नोंदी भलत्याच दिशेने गेल्या असतील आणि ती दिशा आवडत असेल, तर कागदावरचे वाक्य बदलावे.

वहीत तिकिटे, पावत्या, पत्रिका लावायच्या असतील तर त्या याच दिवशी लावाव्यात. एसटीच्या यंत्रातून येणारे तिकीट आणि एटीएमची पावती उष्णतेने छापलेली असते आणि काही महिन्यांत कोरी होते, म्हणून तिच्यावरचा मजकूर शेजारी हाताने लिहून ठेवावा. चिकटपट्टी कालांतराने पिवळी पडते आणि तिचा चिकटपणा कागदात उतरतो; घरगुती पिठाच्या खळीवर किडे येतात. बाजारातला साधा कागदाचा डिंक फक्त कोपऱ्यांना, अगदी थोडा लावावा.

वही संपत आली की शेवटची दहा पाने उरलेली असतानाच त्याच आकाराची दुसरी वही आणून ठेवावी. भरलेल्या वहीच्या पाठीवर पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची तारीख वर्षासह लिहावी, आतल्या पुठ्ठ्यावर ती आपल्यानंतर कुणाला द्यायची की नष्ट करायची हे स्पष्ट नोंदवावे, आणि नावांची यादी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी.